माझ्या नावाची पेज

शेवंताबाई गेली तेव्हा मी लाखांदूरच्या बाजारात होतो. एस.टी.तून उतरलो, तर पानठेल्यावर बसलेली माणसं मला पाहून उठून उभी राहिली... तेव्हाच समजलो.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. नवरा वारल्यापासून माझ्याच घरी होती. मी दुसरीपर्यंत शिकलेला, पण शेत माझं आणि घरात शब्दही माझाच. धान निघालं की आमच्या रिकाम्या बांधीत, धानाच्या त्या शेतात, विटांची भट्टी लागायची, छत्तीसगडची माणसं बायकापोरं घेऊन यायची. त्यांच्या गरोदर बाया दिवस भरत आले तरी डोक्यावर विटा वाहायच्या. बाई त्यांना हाताला धरून नर्सबाईकडे धनुर्वाताच्या सुईला न्यायची. कोणी बाळंत झाली की गंजभर पेज शिजवून झोपडीत पोचती करायची. मी चिडायचो. "कायले करून राहिली, बाई? सोयरे हायत का ते आपले?" ती म्हणायची, "तू जेव चुपचाप." त्या बाया मात्र मला पाहिलं की वाकून पाया पडायच्या. मला वाटायचं, हा आपला रुबाब. मिशीवर हात फिरवून पुढे जायचो.

बाईला जाऊन महिना झाला आणि भट्टी लागली. दरवर्षी भट्टीवर येणारी जुनी फूलमती दिवस भरलेल्या सुनेला घेऊन अंगणात आली, पाया पडली, म्हणाली की मालिकचा हुकूम सुनेलाही सांगून ठेवला आहे. कोणता हुकूम, मी विचारलं. तिनं सांगितलं, त्यांच्यात आईच्या दुधाचा पहिला चीक पिळून टाकतात, बाळंतिणीला सुरुवातीचे दिवस अन्न देत नाहीत. बाई झोपडीझोपडीत सांगायची, माझ्या भावाचा हुकूम आहे, चीक लेकराच्याच तोंडी गेला पाहिजे, आणि ही पेज त्यानंच धाडली आहे. ज्याच्या जमिनीवर झोपडी, त्याचा शब्द कोण मोडणार?

मान वर करवेना. इतकी वर्षं त्या बाया कशासाठी पाया पडत होत्या, ते आज समजलं... म्हटलं, "फूलमती, म्या काहीच सांगतलं नोहतं. हे सारं बाईचं होतं."

ती घोटाळली. "मालिक, घर के बड़े पूछेंगे, किसका हुकुम है. मैं किसका नाम लूँगी?"

सून पोटावर हात ठेवून उभी होती. बाईचं नाव तिथं चालणार नव्हतं, हे बाईला माझ्याआधीच ठाऊक होतं.

"माहंच घे," मी म्हणालो.

सून बाळंत झाली. चीक लेकरानं प्याला. पेज रोज जाते, माझ्या नावानं. बाईचा गंज रिकामा होऊन परत येतो. तो मी दुसऱ्या कोणाला घासू देत नाही.