नर्मदाबाईंची अकरा मुलं

लढाई पेटली आणि शहराबाहेर रांझीच्या माळावर लष्करी कारखान्याच्या क्वार्टरांच्या रांगा उठल्या. साहेबलोकांनी नळाचा विचार केला, सायकली ठेवायच्या छपराचाही केला. कामाला जाणाऱ्या बाईचं तान्हं कुठं राहील, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. शहरातल्या जुन्या गल्लीत मूल चार घरांच्या हातांवर वाढायचं. इथं एक बिऱ्हाड भंडाऱ्याचं, तर शेजारचं बैतूलचं. कोण कुणाचं?

नर्मदाबाई विधवा, पंचेचाळिशीच्या, भावाच्या क्वार्टरात राहायच्या. आधी त्यांनी दोन मुलं सांभाळायला घेतली. मग कारखान्याच्या पाळ्या वाढल्या, पट्टे-पिशव्या शिवायला बायकांची भरती झाली, आणि त्रेचाळीसच्या हिवाळ्यात बाईंच्या ओसरीवर अकरा मुलं झाली. बाई तोंडाच्या फटकळ. साऱ्या जगाला त्या 'नाही' म्हणू शकत. मूल कडेवर घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईला तसं म्हणणं त्यांना जमत नसे.

पण अकरांना दोन हात कुठवर पुरणार? तान्ह्यांना मोहरीएवढी अफू देऊन निजवायची रीत तेव्हा घरोघर होती. बाईंनी वर्षभर तिला हात लावला नाही, आणि तसं रांगभर मिरवलंही. शेवटी त्यांनीही डबी आणली. ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

पट्टे शिवायला जाणाऱ्या विनताची लतिका आठ महिन्यांची. दात येत होते, डबीतल्या अफूनं घटकाभर निजली तर निजली, बाकी दिवसभर भोकाड पसरायची. एका संध्याकाळी बाईंनी वैतागून विनताला सुनावलं, पोरगी अशीच रडणार असेल तर दुसरं घर बघ. दुसरं घर नव्हतंच. दुसऱ्या दिवशी लतिका आली ती अगदी शहाण्यासारखी. दहाच्या सुमारास जराशी किरकिरली, तेव्हा बाईंनी रोजच्यासारखी इतर तान्ह्यांबरोबर तिलाही मोहरीएवढी दिली.

दुपारी सगळी उठली, लतिका उठेना. ओठ निळे पडले होते. दहा मुलांना आत कोंडून बाईंनी बाहेरून कडी घातली आणि पोरीला छातीशी धरून दवाखान्याकडे पळत सुटल्या. डॉक्टरांनी पोट धुतलं, चिमटे काढून काढून तिला जागी ठेवलं. संध्याकाळी पोरगी रडली.

विनता आली ती थेट बाईंच्या पायांवर पडली. सकाळी अफू मीच दिली, म्हणाली. तुम्ही तिला घेणार नाही म्हणून दिली. तुमच्याकडे असलं चालत नाही हे ठाऊक असून दिली. बाईंनी तिला हाताला धरून उठवलं. आपण सुटलो असं त्यांना वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी भोंग्याआधी विनता लतिकाला घेऊन दारात उभी. पुन्हा माफी मागू लागली. बाईंना ते ऐकवेना.

"विनता, त्या दिवशी मी पण दिली होती. महिना झाला, सगळ्यांनाच देऊन राहिली मी. एकटीनं होत नाही गं."

विनतानं पोरीला घट्ट कवटाळलं आणि तरातरा निघाली. नळापर्यंत गेली. तेवढ्यात भोंगा झाला. आणखी एक खाडा झाला तर नाव कटणार होतं. ती तिथंच उभी राहिली, मग परत फिरली. बाईंकडे न बघता तिनं लतिकाला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आज नका देऊ जी," म्हणाली, आणि कारखान्याकडे पळाली.