प्रॉम्प्टरशिवाय अन्नपूर्णा

अन्नपूर्णाबाईला झाडीपट्टीत कोण ओळखत नाही! दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघाल्या की आमच्या कंपनीची हिरोईन वर्षानुवर्षं तीच. आणि डाव्या विंगेत पुस्तक धरून बसणारा प्रॉम्प्टर मी, धनराज. पाठांतराला इथं वेळ कोणाला? मी वाक्य फेकायचं, तिनं झेलायचं. टाळ्या तिला, घशाची खरखर मला.

यंदा कंपनीनं नागपूरची कोवळी पोरगी आणली. बाईला सांगितलंसुद्धा नाही मेल्यांनी, पोस्टर लागल्यावर कळलं तिला. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. एकटी बाई, खाणार काय? तेवढ्यात कळलं, एका इंग्रजी शाळेला बालवाडीसाठी बाई हवी आहे, थोडं इंग्रजी बोलणारी. मग मीच शिकवायला बसलो. मी बी.ए. नापास खरा, पण इंग्रजी घेऊन नापास.

गाडी अडली 'ऑल्दो'वर. आपल्याकडे जरी म्हटलं की तरी आलंच, म्हणून ती 'ऑल्दो'मागं दरवेळी 'बट' जोडायची. मी चिडलो. म्हटलं, एकच पुरे, 'तरी'च्या जागी नुसता श्वास घ्या. ते मात्र जमलं. मी नटी असले तरी शिकवू शकते, हे वाक्य इंग्रजीत घोटून घेतलं.

मुलाखतीला मी उघड्या दाराबाहेर बाकावर बसलो, नेमका तिच्या डाव्या हाताला. मॅडमनी 'ऑल्दो' वापरून स्वतःबद्दल एक वाक्य सांगायला लावलं.

"ऑल्दो आय ॲम ॲन ॲक्ट्रेस," बाई म्हणाली. श्वास घेतला. आणि तिची मान वळली डावीकडे, माझ्याकडे.

पुढचे शब्द माझ्या ओठावर होते. पण पोरांच्या वर्गात रोज विंगेत कोण बसणार? मी दात आवळले. तिनं वाट पाहिली, मग मान परत मॅडमकडे फिरवली.

"आय ॲम अफ्रेड."

नटी असले तरी मला भीती वाटते. हे वाक्य मी दिलेलं नव्हतं. मॅडम कळवतो म्हणाल्या.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "धनराजभाऊ, चुकलं का माह्यं?"

"नाई बाई. वाक्य बरोबर होतं."

"वाक्याचं नाई विचारून राह्यली. मले घेतीन का?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली, आणि तिला द्यायला माझ्यापाशी पुढचं वाक्य नव्हतं.