आईनं मारलेल्या फुल्या

माणूस सुधारायचा असेल तर त्याला आधी रकान्यात बसवावं लागतं, हे आमच्या गुरुजींना चिखलीच्या शिबिरात आठ दिवस राहून कळलं. गेले तसेच परत आले असते तर बरं झालं असतं. पण ते एसटीतून उतरले ते काखेत पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊनच. राज्य नवं होतं, शाळा नुकतीच जिल्हा परिषदेची झाली होती, तेव्हा पोरंही नवी करणं भाग होतं. आम्ही चौथीतली सव्वीस पोरं जुनीच होतो, शेंबडासकट.

प्रत्येकाला एक पुठ्ठा मिळाला. त्यावर पट्टीनं चौकटी आखायच्या. वर महिन्याच्या तारखा, डावीकडे आठ सद्गुण. पहाटे उठले, दात घासले, वडीलधाऱ्यांना नमस्कार केला, गृहपाठ केला, घरी शुद्ध बोलले, शिवी दिली नाही, आज्ञा पाळली आणि सगळ्यात खाली, खरे बोलले. रोज दिवेलागणीला आईबापांपैकी एकानं प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण करायची, नाहीतर फुली मारायची. गावात सही करणारे बाप बोटांवर मोजण्याइतके होते आणि सही करणारी आई तर एकही नव्हती. शिबिरात तो विषय निघाला नसावा.

पहिल्याच दिवशी मी नमस्काराचा रकाना उरकायला घेतला. वडील टमरेल घेऊन घाईनं बाहेर निघाले होते. मी मध्येच वाकून पाय धरले तसे ते दचकून दोन पावलं मागे सरले.

"काय झालं व? कोन गेलं?"

कुणी गेलं नाही, शाळेचं आहे, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग शाळेतच कर ना! मले जाऊ दे." एवढं बोलून ते निघून गेले. शिवीच्या रकान्याचीही तीच गत झाली. आमच्या वर्गातली अर्धी पोरं सकाळी गुरं सोडायची, आणि 'कृपया पुढे चला' म्हटल्यावर चालणारा बैल आमच्या शिवारात अजून जन्मायचा होता. गुरुजी पुण्याकडचे. आमचं 'मले' आणि 'तुले' ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर पोटात कळ आल्यासारखं दिसायचं. म्हणून शुद्ध बोलण्याचा रकाना, हे आम्हांला न सांगताही कळलं होतं.

मला मात्र या पुठ्ठ्याची चेष्टा परवडणारी नव्हती. गावची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला उंद्रीला जायचं म्हणजे दीड कोस चालत जाणं आणि दीड कोस चालत येणं. पोरांना पाठवायचे, पोरींचा प्रश्नच यायचा नाही. मी महिनाभर मागे लागल्यावर वडील एकदाचे म्हणाले होते, "मास्तरनं लिहून देल्लं पायजे का पोरगी वळनाची हाय. मंग पाहू." गुरुजी चिठ्ठी देणार ती या पुठ्ठ्यावरून. म्हणजे माझी पाचवी त्या चौकटींत अडकली होती.

बाकीच्या घरांनी सोपा मार्ग काढला. पुठ्ठे पोरांनीच भरले. आमच्या घरी आईनं हट्ट धरला, की मास्तरनं मायबापाले सांगतलं तर मायबापच भरतील. तिला पेन्सिल कशी धरतात हेही ठाऊक नव्हतं. दोन दिवस तिनं माझ्या पाटीवर त्या दोन खुणा गिरवल्या. फुली लगेच जमली. बरोबरची खूण विळ्यासारखी वाकडी यायची, पण यायची.

मी म्हटलं, "माय, तू काहाले तकलीफ घेतं? मी भरतो ना." आमच्याकडे पोरीही घरात असंच बोलतात. गुरुजींना अजून एक कळ.

ती म्हणाली, "आजपरेंत मले कोनं काही इचारलं का? तुया बापानं नाही, तुया आजानं नाही. मास्तरनं इचारलं. मंग मी सांगन."

आणि तिनं सांगितलं. देवा, काय सांगितलं! शुद्धलेखन दहा ओळींचं असायचं. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. एकदा मी अक्षरं फुगवून नऊच ओळींत पान भरलं, तर फुली. पाढे तिला येत नव्हते, पण मी म्हणताना अडखळले की तिला बरोबर कळायचं. फुली. सकाळी तीन हाका मारायला लागल्या म्हणून एक. शेजारणीकडून ताक आणायला पाठवलं असता सागरगोटे खेळून उशिरा आले आणि 'गर्दी होती' म्हणून सांगितलं, तेव्हा एकाच दिवशी दोन. ताकाला गर्दी! मलाही त्याहून बरं काही सुचलं नव्हतं.

शुद्ध बोलण्याच्या रकान्यावर ती पहिल्यांदा थांबली.

"शुद्ध म्हंजे कोनतं?"

"गुरुजी बोलतात तसं."

"मंग आपल्या घरात कोनीच नाही बोलत," ती म्हणाली आणि त्या ओळीत एका दमात सात फुल्या मारून मोकळी झाली. आठवडाभराचं काम आगाऊ उरकलं.

मी शाळेत जावं असं तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. माझ्यासाठी वडिलांशी तीच भांडली होती. तरी रोज संध्याकाळी ती हात पुसून बसायची, जीभ दातांत धरून माझं भवितव्य खोडायची, आणि मी समोर बसून रडकुंडीला यायची. एकदा मी रागानं म्हटलंच, की या फुल्यांनी माझी उंद्री बुडेल. ती म्हणाली, "फुल्या मी मारतो, पन करतं कोन?"

महिना संपला आणि पुठ्ठे जमा झाले. पंचवीस पुठ्ठ्यांवर एक डाग नाही. गुरुजींच्या सायकलची हवा सोडणाऱ्या पोराचं आज्ञापालन अखंड होतं. आंघोळीशी वैर असलेल्या वर्गातल्या दोघा भावांचे दात महिनाभर चमकत होते. आमच्या गावात एकाच वर्गात पंचवीस संत जन्मले होते आणि मी एकटीच पापी निघाले होते.

गुरुजींनी मला टेबलाशी बोलावलं.

"हे घरी कोण भरतं?"

"आई."

"तिला लिहिता येतं?"

"एवढंच येतं."

ते हसले नाहीत. शनिवारी तपासणीचे साहेब येणार होते. शिबिरातला प्रयोग किती यशस्वी झाला ते त्यांना दाखवायचं होतं, आणि त्या यशाला एकट्या माझ्या पुठ्ठ्यानं गालबोट लागत होतं. गुरुजींनी कपाटातून कोरा पुठ्ठा काढला. "बस इथे. सगळ्या चौकटींत बरोबर कर. तुझ्याच भल्याचं सांगतोय. चिठ्ठी हवी ना पाचवीची?"

मला मोठं धर्मसंकट पडलं, मन खाऊ लागलं, असं इथे लिहिलं तर शोभेल. पण तसलं काही झालं नाही. मला आनंद झाला. मी बसले आणि एकेक खूण मुद्दाम वाकडी काढत गेले, आईच्या हातची वाटावी म्हणून. 'खरे बोलले' या ओळीतल्या सगळ्या मी फार मन लावून काढल्या. आईचा पुठ्ठा गुरुजींनी मधोमध फाडला आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल त्या दिवसापासून स्थिर झालं, हा त्या प्रयोगाचा एवढाच खरा फायदा म्हणायचा.

साहेब आले, सरपंचांकडे पुरणपोळी जेवले आणि आमचे सद्गुण बसल्या बसल्या, डुलक्यांच्या मधल्या वेळात पाहून गेले. जाताना म्हणाले, "आदर्श." सोमवारी पुठ्ठे घरी लावायला परत मिळाले आणि मला चिठ्ठीही मिळाली. मी दोन्ही घेऊन पळतच घरी आले.

आई भाकरी थापत होती. मी 'माय, चिठ्ठी!' म्हणून नाचत होते. तिनं चिठ्ठी बाजूला ठेवली, ती तिच्या कामाची नव्हती. पुठ्ठा मात्र तिनं मांडीवर घेतला. तिला वाचता येणारा जगातला तो एकच कागद होता आणि तिनं तो पहिल्या चौकटीपासून वाचायला घेतला. बोट एकेका खुणेवरून सरकत होतं. तव्यावरची भाकरी करपली तरी ते थांबलं नाही. तळाची ओळ संपल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हे माया हातचं नाही."

मी म्हटलं, "गुरुजींनी करायला लावलं." शुद्ध भाषेत म्हटलं. तिनं पुठ्ठा चिठ्ठीशेजारी ठेवला. मला तेव्हा भीती वाटली ती माराची नाही. ती वडिलांना सांगेल आणि उंद्री जाईल, याची वाटली.

तेवढ्यात वडील आले आणि मी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. वर्तन उत्तम, गृहपाठ नियमित, मुलगी सत्यवचनी आहे. वडिलांनी ऐकून घेतलं आणि चिठ्ठीकडे न बघताच आईला विचारलं, "मास्तर लोक लिहितेच. तू रोज पाह्यतं तिले. खरं हाय का हे?"

तिनं कधी खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी तिला विचारलं. आईनं करपलेली भाकरी उलथन्यानं काढून बाजूला ठेवली.

"हाव," ती म्हणाली. "खरं हाय. जाऊ द्या तिले."

जूनमध्ये मी उंद्रीला जाऊ लागले. पुढे शिकले, नोकरीला लागले, लोक मला बाई म्हणू लागले. पण पाचवीच्या त्या वर्षी मी रोज संध्याकाळी चुलीसमोर दप्तर उघडून बसायची, आणि ओळी मोजता येतील अशी वही मुद्दाम तिच्या बाजूला करून ठेवायची. आई समोरच असायची, माझ्याशी सगळं बोलायचीही. पण गृहपाठ केला का, असं तिनं मला पुन्हा कधीच विचारलं नाही.