तिच्याऐवजी भावजय

शिळफाट्याला आमच्या संस्थेची एक खोली आहे. ज्यांना कोणी दारात उभं करत नाही त्यांना काम मिळवून द्यायचं, ही माझी नोकरी. निम्मा दिवस कारखान्यांच्या गेटवर वॉचमनशी हुज्जत घालण्यात जातो आणि खरं सांगते, हुज्जत घालायला मला आवडतं.

नवऱ्याने टाकलेली एक मुलगी माझ्याकडे आली. भावाकडे राहत होती. "भाऊ काय बोलत नाय, ताई. पन मलाच घास उतरत नाय. माझ्या कमाईचं खायचंय." साजगावच्या एका कारखान्यात तिला पॅकिंगला लावण्यासाठी मी सुपरवायझरचं डोकं खाल्लं. पहिला पगार झाला तेव्हा तिचा फोन आला, "आज मागून भात वाढून घेतला." मला भरून आलं.

मग भाताची लावणी आली. तिच्या गावात ती एकमेकांच्या हातांवर चालते. तुमच्या शेतात जे राबले, त्यांच्या शेतात तुम्ही राबायचं. एखाद्याला जमत नसेल तर घरातलं दुसरं माणूस जातं, कोणी काही म्हणत नाही. शेजारणीची लावणी निघाली. भावजयीची कंबर धरलेली, तिला चिखलात वाकता येईना. म्हणून ही शेतात गेली आणि भावजयीला आपला डबा देऊन कारखान्यात पाठवलं. रजा मागायची हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

सुपरवायझरने मला फोन केला तशी मी तिला झापलं. "अगं, कारखाना म्हणजे शेत आहे का? न सांगता खाडा करतेस?"

"खाडा कुटं केला, ताई? मानूस धाडलं ना मी!" तिला खरंच नवल वाटलं होतं.

साजगावला गेले. लावणीपायी निम्मे कामगार रजा टाकून गेले होते, म्हणून सुपरवायझरने भावजयीला आत घेतलं होतं. तिचा हात चांगला चालत होता. "आता हीच राहू दे," तो म्हणाला. "ती न सांगता गेली, तिला नाही घेणार." मी भांडले, विनवण्या केल्या. तो हलला नाही. भावजयीला 'तू सोड' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तिचंही ते आयुष्यातलं पहिलंच काम होतं.

पुढच्या महिन्यात त्यांच्या घरी गेले. भावजय ड्यूटीवरून आली तशी ही उठली, तिला पाणी दिलं, चहा ठेवला. "उभं राहून पाय भरत्यात वैनीचं. मला म्हाईत हाय ना," म्हणाली. त्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र सगळ्यांचाच राग येत होता.

मी निघाले तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली. "दुसरीकडं बघा ना, ताई. आता कुनी लावनीला बोलावलं तरी मी नाय जानार." शेवटचं वाक्य तिने शेजारणीच्या दाराकडे बघत, तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हटलं.