मालकाचं नाव

दुपारी जरा डोळा लागला की मला अजून ती शेड दिसते. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या उतरलेल्या, त्यांत तुरीचं पिवळसर भुसकट तरंगतंय आणि बायकांचं बोलणं फार लांबून आल्यासारखं ऐकू येतंय. शेलूबाजारच्या रस्त्यालगतची ती दालमिल आम्हा गावच्या बायकांची, सगळ्याजणींच्या मालकीची. तूर प्रत्येकीच्या घरची. डाळ शाळेच्या खिचडीत, लग्नाच्या पंगतीत, गावातच शिजायची. उरलेली चुनी, म्हणजे टरफलं नि कणी, बकऱ्यांना.

माझं अक्षर बरं, म्हणून सभासदांचे अर्ज मी भरले. अक्षराचा तोराही होताच. छापील कागदावर पहिलाच रकाना, 'मालकाचे नाव'. आमच्याकडे मालक म्हणजे नवरा, आणि त्याचं नाव बाई सहसा तोंडानं घेत नाही. मग काय! एक लाजली, दुसरीनं तिच्या वतीनं सांगितलं, तिसरीनं उखाणाच घेतला. हसून हसून पुरेवाट झाली. मीही शहाणी, भराभर पुरुषांची नावं लिहीत सुटले.

शेजारच्या काकूंपाशी येऊन थांबले. त्यांचे यजमान वारलेले. एवढ्या हसण्याखिदळण्यात कुठे विचारायचं, म्हणून त्यांचा कागद मी कोराच गठ्ठ्याच्या खाली सरकवला. मला तो समजूतदारपणा वाटला.

भरडण्याआधी तेल-पाणी दिलेली तूर किती वाळली, हे काकूंना नुसतं मुठीत धरून कळायचं. त्या नसत्या तर आमच्या निम्म्या डाळीचा चुराच झाला असता. पण बसायच्या कायम दाराशी, बैठकीत तोंड उघडायच्या नाहीत. दिवाळी झाली आणि म्हणाल्या, "उद्या मुकादमाच्या जीपनं जातो मी ऊसतोडीले."

"काहून?" मी चिडलेच. "मिल सोडून?"

"माहं काय हाये अठी? मालकवाल्या बायायचे कागद तू लिवले. माहा नाई लिवला."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिल ज्यांची, त्यांतल्या एकीचंही नाव मी लिहिलं नव्हतं. अर्ज अजून पुढे धाडले नव्हते, मिलच्या पेटीतच होते. सगळे फाडले, कोरे काढले आणि आधी काकूंसमोर बसले.

"काकू, मालकाचं नाव सांगा."

"येडी झाली काय वं? वारले ते."

"त्यायचं नाई. मिलच्या मालकाचं. तुमचं."

यंत्र बंद होतं. उन्हाची पट्टी काकूंच्या हातावरून सरकत गुडघ्यापर्यंत आली. मग त्यांनी पदर तोंडाशी धरला, नव्या नवरीसारख्या लाजल्या आणि हळूच स्वतःचं नाव घेतलं. लिहिताना माझं अक्षर पार वाकडं आलं.

सकाळी जीपवाला हॉर्न वाजवत काकूंच्या दारात उभा राहिला. काकू आतूनच ओरडल्या, "मी आलो त माही मिल कोन पायनार?"