पाहुण्यासमोर शहाणा होणारा ओव्हन

"वानखेडे भाऊ, तुम्हाले पाहिलं की हा नाटक करून राहिला," रंजनाताई म्हणाल्या.

मी तेव्हा त्यांच्या दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. थर्मामीटरची वायर ओव्हनमध्ये, आकडा दाखवणारी डबी माझ्या मांडीवर, समोरून कूलरचा वारा. अठराव्या मिनिटाला आकडा एकशेऐंशीवर गेला. यापेक्षा चांगला ओव्हन नागपुरातच काय, पृथ्वीवर नसेल. फक्त माझी पाठ फिरली की तोच ओव्हन तितक्याच तापाला पन्नास मिनिटं घ्यायचा. ही माझी तिसरी खेप होती.

हुडकेश्वरला घराच्या पुढच्या खोलीत रंजनाताईंची बेकरी. सेकंडहँड गॅस ओव्हन, एक टेबल, आणि मदतीला सासूबाई. हिंगण्याच्या एका कंपनीचा कँटीन मॅनेजर त्याच दिवशी चार वाजता नानकटाई बघायला येणार होता. त्याची अट सोपी होती: शिफ्ट सुटायच्या आत ताजा माल. पसंत पडलं तर रोजचं काम. नाही पडलं तर ओव्हन परत विकायचा, असं घरात ठरलं होतं.

मी पस्तीस वर्षं ओव्हन दुरुस्त करतोय. लग्नाच्या मांडवातसुद्धा पंगत सोडून आधी आचाऱ्याचा बर्नर बघितला होता, बायको साक्षीला आहे. पण इथे माझी विद्या संपली. पहिल्या खेपेला जेट साफ केले. जेट म्हणजे पितळेचं बारीक भोक, ज्यातून गॅस येतो. त्यात मुंगी मेली तरी ओव्हन उपाशी राहतो. दुसऱ्या खेपेला रेग्युलेटर बदलला, दाराचं रबर बदललं. तिसऱ्या खेपेला थर्मोस्टॅट तपासला. पुरेसा ताप झाला की गॅस कमी करणारी ती वस्तू ठणठणीत होती.

माझ्या दुकानाच्या शेठला फोन लावला.

"थर्मोस्टॅट बदलून टाक," शेठ म्हणाला.

"चांगला आहे."

"मंग ओव्हन काहून तापून नाही राहिला?"

"तापून राहिला ना. माझ्यासमोर."

"मंग तूच मुक्काम कर तिथं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

रंजनाताई टेबलाशी गेल्या. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवला होता, त्याच्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, बर्नरच बदलू, दुकानातून नवा घेऊन येतो. आतून मला माहीत होतं की बर्नरची काही चूक नाही. पण मेकॅनिकला रिकाम्या हातानं उभं राहता येत नाही.

बाहेर मे महिना होता. ऊन असं की माझी सावलीसुद्धा गाडीखाली जाऊन बसली होती. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, दुपट्टा खुर्चीवरच राहिला. नागपूरच्या उन्हात चप्पल विसरून चालेल, तोंडाला बांधायचा दुपट्टा नाही. मागे फिरलो.

दार उघडंच होतं. आत सासूबाई चाकाचा लोखंडी कूलर ढकलत होत्या. माझ्या खुर्चीकडचं त्याचं तोंड फिरवून त्यांनी थेट ओव्हनसमोर लावलं. हातभर अंतरावर.

"आजी, हे काय करून राहिल्या?"

"आता तू गेला ना गा भाऊ. मंग कूलर याच्या जागेवर. आग जिथून येते तिथंच थंडी केली पायजे, नाही तर सारं घर भट्टी होते."

"आणि मी आलो की?"

"पाहुणा उन्हातून आला तर त्याच्याकडं नाही फिरवायचा? आम्ही का तसे लोक आहोत?"

मी फरशीवर आडवा झालो आणि ओव्हनच्या खालच्या फटीतून बघितलं. ज्वाला निळी आणि सरळ उभी पाहिजे. इथे ती वादळातल्या ज्वारीसारखी एका अंगावर लोळत होती. अर्धा ताप मागून बाहेर, शिवाय कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांमधून ओली हवा आत. एवढा मोठा कूलर, नवीन ताट्या; त्याच्यासमोर बुटीबोरीच्या कारखान्यातलं बॉयलर ठेवलं असतं तर तेही शिंकलं असतं. कूलर फिरवला. ज्वाला उठून उभी राहिली.

रंजनाताईंनी कपाळाला हात लावला, पिठासकट.

"आई, तीन वेळा भाऊ येऊन गेले, एकदा तरी सांगाचं होतं ना वं."

"मले कोणी इचारलं का कूलरचं?"

खरं होतं. मी जेटपासून रबरापर्यंत सगळं विचारलं होतं. जे माझ्याच तोंडावर वारा घालत होतं, तेवढंच विचारलं नव्हतं.

साडेबारा झाले होते. खडू मागून मी फरशीवर रेघ मारली: कूलर या बाजूला, तोंड टेबलाकडे. त्यामुळे रंजनाताईंनाही हवा लागत होती. पहिला ट्रे आत गेला. मी जायला पाहिजे होतं, गेलो नाही. नानकटाईचा वास सुटल्यावर उठून जाणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

चार वाजता मॅनेजर आला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आजींचा हात सवयीनं कूलरकडे गेला, रेघ बघून थांबला, आणि त्यांनी सरळ खुर्चीच उचलून हवेत आणून ठेवली. मॅनेजरनं एक नानकटाई खाल्ली, मग दुसरी. तिसरी खाताना विचारलं, "पुढचा ट्रे कधी?"

"वीस मिनिटात," रंजनाताई म्हणाल्या.

तो घड्याळ बघत बसला. ट्रे एकोणिसाव्या मिनिटाला निघाला.

"सोमवारपासून सकाळच्या शिफ्टचं देऊन बघा," तो म्हणाला. "जमलं तर दुपारचंही तुम्हीच." जाताना आजींनी त्याला पुडा बांधून दिला. मला दोन.

सर्व्हिसच्या कागदावर 'दोष' असा एक रकाना असतो. मी लिहिलं: ओव्हन ठीक. कूलर ठीक. पाहुणचार जास्त. शेठनं ते वाचून मला बरंच काही ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो की पाणी घेतो, पण खुर्ची घेत नाही. आधी म्हणतो, मी आलोच नाही असं समजा आणि रोजच्यासारखं काम करा. लोकांना माणूस थोडा विक्षिप्त वाटतो. पण चौथी खेप सहसा पडत नाही.