एका बाजूची पिशवी

भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा घरात सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं. मी सख्खी बहीण, रक्तगट एकच, आणि मागे ना नवरा ना मूल. गारखेड्यात एका खोलीत राहायचं आणि शाळेत शिकवायचं, एवढाच माझा संसार. मीही लगेच हो म्हणाले. वडलांच्या मागे त्यानंच मला शिकवलं होतं.

पहिली तपासणी पोटाच्या सोनोग्राफीची. पाणी पिऊन पोट तट्ट फुगलेलं. डॉक्टरबाई उजवीकडे भराभर बघत गेल्या, डावीकडे मात्र थबकल्या. "कुशीवर वळा. श्वास रोखा." पुन्हा तेच. मग म्हणाल्या, "डाव्या बाजूचं काही ऑपरेशन झालंय का?"

"नाही."

"इथं किडनी नाहीये. जन्मतःच नसावी."

मला आधी हसूच आलं. द्यायला निघाले होते, आणि होती एकच.

बाई मात्र हसल्या नाहीत. "मुलंबाळं किती?" त्यांनी विचारलं.

"तीनदा राहिलं. दोन लवकर गेली. शेवटची सहाव्या महिन्यात झाली. मुलगी होती. सकाळी झाली, दुपारी गेली."

त्यांनी यंत्र खाली ओटीपोटावर सरकवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग पडदा माझ्याकडे वळवला. मला त्या राखाडी ढगांत काहीच कळेना, म्हणून त्यांनी बोटानं कड काढून दाखवली. आईच्या पोटात असताना दोन बाजूंनी दोन नळ्या येतात, मधे जुळतात आणि त्यांचं गर्भाशय होतं. किडन्याही त्याच सुमारास, त्यांच्या शेजारीच घडतात. माझी डावी बाजू घडलीच नव्हती. इतर बायकांची पिशवी उलट्या नाशपातीसारखी असते. माझी केळ्यासारखी, बारीक आणि उजवीकडे झुकलेली. जागा कमी, म्हणून बाळ टिकत नव्हतं. नंतर एमआरआय केला, त्यातही तेच निघालं.

"पण माझ्या कितीतरी सोनोग्राफ्या झाल्यात," मी म्हणाले. "सगळीकडे नॉर्मल लिहिलंय."

"साध्या सोनोग्राफीत हे निसटतं. आणि बाळ असलं की सगळे बाळालाच बघतात."

"तेव्हा कळलं असतं तर?"

"पिशवीच्या तोंडाला टाका घालता आला असता. मोठ्या दवाखान्याजवळ ठेवलं असतं. अशा बायकांना मुलं होतात. पण खात्री कुणीच दिली नसती."

माझं सासर कन्नडचं. तिथं माझ्यावर उपास झाले, अंगारे झाले. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "हिच्या पोटात काही टिकतच नाय. लई बघितलं करून." मुलगी पोटात असताना मी दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले होते, म्हणून ती गेली, असंही नंतर ठरलं. ते मी कितीतरी वर्षं खरं मानत आले. शेवटी बैठक बसली. भाऊ आला होता. मला वाटलं, भांडेल. तो म्हणाला, "दोष आमच्याच मुलीत आहे. आम्ही तुमची अडवणूक करणार नाही." राजीखुशीनं काडीमोड झाला. वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरं लग्न केलं.

एमआरआयचा रिपोर्ट घेऊन मी पडेगावला भावाच्या घरी गेले. तो डायलिसिसहून येऊन पडला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता किडनी कुणाची बघायची?"

"दादा, मी माझ्या पिशवीचं सांगतेय."

"ऐकलं की. वाईट झालं. पण तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, तरी तू दोष माझा म्हणून कबूल करून आलास."

त्यानं डोळे मिटले. "मग काय चुकीचं बोललो? दोष तुझ्यातच होता. हा रिपोर्ट तरी दुसरं काय सांगतोय?"

आजारी माणसाशी भांडू नये म्हणतात. मी चप्पल घातली आणि निघाले.

त्या रात्री एमआरआयच्या रिपोर्टचा फोटो काढून कन्नडला, माझ्या पूर्वीच्या नवऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, 'गच्चीवर गेल्यामुळं नव्हतं.' त्यानं लगेच पाहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: जोडलेल्या हातांचं चित्र. बाकी काही नाही. आभार, क्षमा की पुरे कर, ते मला आजही कळलेलं नाही.

किडनी शेवटी वहिनीनं दिली. ती जुळली. देतेस का, असं तिला कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही; तपासण्या सुरू झाल्या आणि ती त्यांच्यामागं जात राहिली. ऑपरेशननंतर मी दवाखान्यात गेले ती तिलाच भेटायला. भावाच्या खोलीबाहेर नातेवाइकांची गर्दी होती. हिच्याजवळ कुणी नव्हतं. टाक्यांवर हात ठेवून ती छताकडे बघत पडली होती.

मला पाहून म्हणाली, "वन्सं, तुम्ही सुटलात बघा."

मला तिचा राग आला नाही. मी तिच्या पाठीखालची उशी सारखी केली, घोट घोट पाणी पाजलं आणि ती झोपेपर्यंत तिथंच बसले.